सतराशे पन्नास रुपये

२०२१ची बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शिरगावात पाऊस असा कोसळत होता की पवनेचा आवाज घरात ऐकू येत होता. अम्मी शेजारपाजारी वाटायच्या गोश्तच्या पिशव्या भरत होती. तेवढ्यात माझ्या पत्नीला चिपळूणहून तिच्या खालाचा फोन आला. वाशिष्ठीचं पाणी पहाटेच घरात शिरलं होतं आणि सगळे माळ्यावर बसले होते. फोन मध्येच बंद पडला आणि पुढे दीड दिवस लागला नाही. त्याच दिवशी महाडही बुडालं आणि तळियेवर दरड कोसळली.

खाला आणि तिच्या घरचे सुखरूप आहेत हे कळेपर्यंत शुक्रवारची संध्याकाळ झाली. तोवर आमच्या भागातली तरुण मुलं एकत्र आली होती. शिरगाव, सोमाटणे, तळेगाव, देहूरोड, जिथे जिथे आपली ओळख होती तिथून मदत गोळा करायची असं ठरलं. खजिनदार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, गणित नव्हे. पण गावात मास्तर म्हटलं की तो हिशेबाचा पक्का, असं लोक धरून चालतात. मीही नाही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलंच.

त्या पहिल्याच बैठकीत आम्ही एक चूक केली. ती चूक आहे हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. लोकांनी विश्वासाने पैसे द्यावेत म्हणून आम्ही मोबाईलवर निरोप पाठवला : तुमचा एकही रुपया खर्चात जाणार नाही, सगळाच्या सगळा गरजूंपर्यंत पोहोचेल. वाचायला किती छान वाटतं! टेम्पो काय पाण्यावर चालणार होता?

पाच दिवसांत १,८६,४०० रुपये जमले. एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मी ते ठेवत गेलो आणि शाळेच्या एका कोऱ्या वहीत देणाऱ्याचं नाव आणि रक्कम लिहीत गेलो. देताना कुणी म्हणायचं, "सर, हे जकातीचे." कुणी म्हणायचं, "हे इमदाद म्हणून." आणि कुणी हळूच, नजर चुकवून सांगायचं, "हे बँकेच्या व्याजाचे आहेत, सवाबची नियत नाही, कुठेतरी लावा." मी मान हलवायचो. काहींच्या नावापुढे लिहिलं, काहींच्या राहून गेलं. डब्यात मात्र सगळ्या नोटा एकच झाल्या होत्या.

इथे माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं. घरात आम्ही तिला छोटी म्हणतो. पुण्यात एम.कॉम. केल्यावर तिने काही वर्षं एका संस्थेत हिशेबनिसाचं काम केलं. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय मदत संस्थेत नोकरी लागली आणि ती नैरोबीला गेली. सोमालियात काम करणाऱ्या कितीतरी संस्थांची कार्यालयं सुरक्षेसाठी शेजारच्या केनियात, नैरोबीत असतात. त्या देशाचं सगळं काम जिथून चालतं त्याला ते 'कंट्री ऑफिस' म्हणतात. छोटी तिथे फायनान्स आणि अॅडमिनचं काम पाहते.

हे काम म्हणजे काय, हे आमच्या नातेवाइकांना समजावताना अब्बांची पुरेवाट व्हायची. "मुलगी आफ्रिकेत लोकांना मदत करते म्हणे, डॉक्टर आहे का?" नाही. "नर्स?" नाही. "मग?" हिशेब ठेवते. "हिशेब ठेवायला आफ्रिकेला कशाला जायला पाहिजे? तळेगावात दुकानं कमी आहेत का?" अब्बा हसून विषय बदलायचे. मलाही मनातून असंच वाटायचं. मदत करणारे वेगळे, आणि मागे बसून कागद रंगवणारे वेगळे. माझी बहीण त्या दुसऱ्यांतली, असा माझा समज होता.

२८ जुलैला आम्ही सात जण एक टेम्पो आणि एक जीप घेऊन निघालो. खोपोली, पाली, माणगाव, महाड करत, कशेडी घाट उतरून चिपळूणला पोहोचायला रात्र झाली. पाणी ओसरून आता चिखल उरला होता. दुकानांच्या शटरवर, घरांच्या भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ दिसत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, फ्रीज, शाळेची दप्तरं, धान्याची कुजलेली पोती यांचे ढीग होते. तो वास मी कधी विसरणार नाही.

लोक बोलत होते त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. एसटीच्या चिपळूण आगारात पाणी भरलं तेव्हा आगार व्यवस्थापक आणि त्यांचे सहकारी आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बुडत्या बसच्या टपावर चढले आणि कित्येक तास तिथेच बसून राहिले. पुढे ही बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. मी तेव्हा विचार केला, पैसा त्यांचा नव्हता. वाहून गेला असता तर पुराने नेला, एवढं म्हणणं पुरेसं होतं. पण त्यांनी जिवाबरोबर तो पैसाही सांभाळला. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, अमानत. माझ्या खांद्यावरच्या पिशवीतही अमानतच होती. पण मी तिचं काय करत होतो?

दोन दिवस आम्ही घरोघर फिरलो. ज्याची गरज दिसली त्याला दिलं. नाव विचारलं, धर्म विचारला नाही. पूर विचारून आला नव्हता. किराणा, भांडी, चादरी दिल्या. फावडी, घमेली आणि ब्लीचिंग पावडर वाटली. तेरा घरांना रोख रक्कमही दिली. रोख रकमेची पिशवी कधी माझ्याकडे असायची, कधी माझ्या एका जुन्या मित्राकडे, कारण आम्ही दोन गटांत फिरत होतो. पिशवी हातातून हातात जाताना आम्ही नोटा मोजल्या नाहीत. एवढ्या चिखलात, एवढ्या दुःखात नोटा मोजत बसायचं? ते बरं दिसलं नसतं, असं आम्हाला वाटलं.

परत आल्यावर रात्री मी वही उघडली. टेम्पोचं भाडं, डिझेल, टोल, ड्रायव्हरचं जेवण मिळून १४,५०० रुपये झाले होते. पण आम्ही तर जाहीर केलं होतं की खर्चात एक रुपयाही जाणार नाही! मग मी ते १४,५०० किराण्याच्या आकड्यात मिसळून टाकले. तेवढ्यावर भागलं नाही. हिशेबाप्रमाणे डब्यात २०,७५० रुपये उरायला हवे होते, निघाले ९,०००. म्हणजे ११,७५० रुपये कमी. तीनदा मोजलं. फजरची अजान झाली तेव्हाही मी तसाच बसलो होतो. शेवटी कपाटातून माझ्या पगारातले ११,७५० काढले आणि डब्यात ठेवले. हिशेब जुळला. मी स्वच्छ अक्षरात एक कागद तयार केला, त्याचा फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवला. लोकांनी दुआ दिल्या. "मास्तरांचा हिशेब म्हणजे हिशेब!" असं कुणीतरी लिहिलं.

छोटीलाही तो फोटो पाठवला होता. थोडं कौतुक ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिने कौतुक केलं नाही. म्हणाली, "भाईजान, सात माणसं, दोन गाड्या, तीन दिवस, सगळा व्यवहार रोखीत, आणि हिशेब रुपयाला रुपया जुळला? माझ्या ऑफिसात असा कागद आला तर मी पहिला तोच बाजूला काढते." मग तिने किराण्याच्या पावत्यांचे फोटो मागितले. पावत्यांची बेरीज ९६,८५० होती, माझ्या कागदावर १,११,३५० लिहिलेले. मी गप्प बसलो. मग सगळं सांगून टाकलं, माझ्या खिशातल्या पैशांसकट.

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुम्ही स्वतःचे पैसे घातले, यात वाईट काय? ती थोडा वेळ बोलली नाही. मग घरच्या बोलीत म्हणाली, "लेकिन भाईजान, ये भी झूठच है ना."

मला राग आला. मी चोरी केली नव्हती, उलट पदरचे घातले होते. तिने शांतपणे समजावलं. तिच्या कार्यालयात नियम आहे की रोख कमी भरली तर त्याच दिवशी लेखी कळवायचं. जास्त भरली तरी कळवायचं. स्वतःच्या खिशातून भरपाई करणं तिथे चूक मानतात. कारण पैसे कमी का पडले हा प्रश्नच त्याने पुसला जातो. कदाचित कुणी चुकून जास्त दिले असतील, कदाचित कुणी उचलले असतील, कदाचित कुणाला दिले पण लिहिले नसतील. पदरचे घालणारा सज्जन माणूस या तिन्हींवर एकच पांघरूण घालतो. आज ११,७५० आहेत म्हणून त्याला झेपतं. उद्या लाख असतील तर? आणि त्याच्या जागी उद्या दुसरा माणूस बसेल, ज्याला पदरचे घालता येणार नाहीत, त्याचं काय?

मग तिने मला तिच्या कामाबद्दल सांगितलं. पाच वर्षांत मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. वस्तू मागणारा, मंजुरी देणारा आणि पैसे चुकते करणारा, हे तिघे वेगवेगळे असतात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. रोख पैसे एका हातातून दुसऱ्या हातात गेले की दोघांनी मोजायचे आणि दोघांनी सही करायची. सख्खे भाऊ असले तरी. गाडी निघाली की किलोमीटर लिहायचे, जनरेटरमध्ये डिझेल टाकलं की लिटर लिहायचे. पहारेकऱ्यांचे पगार, कर्मचाऱ्यांचे व्हिसा, गोदामाचं भाडं हे सगळं तिच्याकडेच. सोमालियात १९९१मध्ये सरकार कोसळलं, त्याबरोबर बँकाही बसल्या. त्यामुळे तिथे कित्येक वर्षं मदतीचा पैसासुद्धा हवाला कंपन्यांमार्फत जात आला आहे. आपल्याकडे हवाला म्हटलं की पोलीस आठवतात, तिथे तो राजरोस धंदा आहे. नैरोबीत दिलेली रक्कम दूरच्या गावातल्या विधवेच्या हातात खरोखर पडली की नाही, हे कागदावर सिद्ध करणं हे तिचं काम.

मी चिडून म्हणालो, "म्हणजे लोक उपाशी मरताहेत आणि तुम्ही सह्या गोळा करताय." त्यावर ती जे बोलली ते मला पटलं. २०११च्या जुलैमध्ये सोमालियात दुष्काळ जाहीर झाला. त्या आपत्तीत सुमारे दोन लाख साठ हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांच्या आतली मुलं, असं पुढे अभ्यासातून दिसलं. दुष्काळ येतोय हे आधीपासून सांगितलं जात होतं, पण पैसा वेळेवर आला नाही. ती म्हणाली, "म्हणून माझ्या टेबलावर एकही कागद अडता कामा नये, हेसुद्धा माझंच काम आहे. नीट हिशेब ठेवणाऱ्याला लोक पुढच्या वेळी लवकर पैसे देतात. हिशेब बुडाला की पुढची मदत उशिरा येते, आणि तो उशीर कुणाच्या तरी मुलाला भोवतो."

फोन ठेवण्याआधी तिने तीन कामं सांगितली. एक, तुमचे ११,७५० काढून घ्या, किंवा वर्गणी म्हणून तुमच्या नावावर लिहा, पण तूट ही तूट म्हणूनच लिहा. दोन, टेम्पोचा खर्च टेम्पोच्या नावाने लिहा. तीन, ज्यांनी पैसे दिले त्यांना विचारा की कुठला पैसा कशाचा.

मी माझे पैसे काढून घेतले. तिसरं काम सर्वांत जड गेलं. चौसष्ट जणांना फोन करून विचारावं लागलं, "तुम्ही दिलेले कशाचे होते?" काही हसले, काही नाराज झाले. अखेर हिशेब असा निघाला : जकात ४५,५००, व्याजाची रक्कम २१,०००, बाकी १,१९,९०० इमदाद. छोटीच्या कार्यालयात याला बांधील निधी म्हणतात, म्हणजे देणाऱ्याने ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लावायचा निधी. मला गंमत वाटली. हे तर आपल्या घरातल्या आजीलाही ठाऊक होतं! तिच्या पेटीत तीन कापडी थैल्या असत, जकातीची वेगळी, खैरातीची वेगळी, घरखर्चाची वेगळी. एका थैलीतला पैसा दुसरीत जायचा नाही. मी बी.एड. झालेला नातू, सगळं एका बिस्किटाच्या डब्यात ओतून बसलो होतो.

आमच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, इमदाद कुणालाही देता येते, पण जकात तिच्या हकदार मुस्लिमांनाच पोहोचायला हवी, नाहीतर देणाऱ्यांची जकात अदा होण्याचा प्रश्न येतो. वहीतल्या तेरा घरांपैकी जकातीला पात्र घरांना दिलेली रोख रक्कम होती २९,०००. म्हणजे १६,५०० रुपयांची जकात भलतीकडे खर्च झाली होती, आणि डब्यात उरले होते ९,०००. त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. चौसष्ट घरांच्या भरवशाबरोबरच काहींचं फर्जही माझ्या हातून अर्धवट राहिलं होतं.

आता ११,७५० रुपये गेले कुठे, हे विचारणं भाग होतं. माझ्या मित्राला फोन केला. मी शब्द जपून वापरले, तरी त्याला जे ऐकू यायचं ते आलंच. "म्हणजे तू माझ्यावर शक घेतोस?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आमची पंचवीस वर्षांची दोस्ती. दुसरीकडे, तूट आहे हे कळल्यावर दोन-चार जणांनी कुजबुज सुरू केली. पिशवी त्याच्याकडेही होती ना, असं कुणीतरी बोललं. मी ऐकलं आणि मला कळलं की मी तूट झाकली होती त्यात माझा एक स्वार्थही होता. अशी कुजबुज मला नको होती. पण झाकल्याने ती टळली नव्हती, फक्त पुढे गेली होती.

तीन आठवड्यांनी तो स्वतः घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "दहा हजार मी एका घरात दिले. दुकानदार माणूस. स्वतः दरवर्षी जकात काढणारा. पुरात दुकान गेलं, वर माल उधारीवर आणलेला. मी पाकीट पुढे केलं तेव्हा त्याचा हात थरथरत होता. त्याने एकच मागितलं, माझं नाव कुठे लिहू नका. मी जबान दिली. म्हणून वहीत लिहिलं नाही, तुलाही सांगितलं नाही. आता तुला सांगतोय, नाव मात्र विचारू नकोस."

मी विचारलं नाही. आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. त्याने एका माणसाची इज्जत सांभाळली होती, मी पैशाचा हिशेब सांभाळू पाहत होतो. दोन्ही अमानतच, आणि दोन्ही एकमेकींवर आदळल्या होत्या. मौलानांना नाव न सांगता परिस्थिती सांगितली. तो माणूस जकातीला पात्र ठरत होता. जकातीची तूट १६,५०० वरून ६,५०० वर आली, आणि तेवढे डब्यात होते.

छोटीला हे सांगितलं तर ती म्हणाली की हा प्रश्न त्यांना रोजचाच. हात पसरायची लाज वाटणारी सफेदपोश माणसं सगळीकडे असतात. त्यावर त्यांची रीत अशी आहे : हिशेबाच्या कागदावर नाव नाही, क्रमांक असतो. कुठला क्रमांक कुणाचा हे वेगळ्या कागदावर, आणि तो दोन जबाबदार माणसांशिवाय कुणाला दिसत नाही. रक्कम दोन साक्षीदारांसमोर द्यायची, म्हणजे देणाऱ्यावर शक नको आणि घेणाऱ्याची बदनामी नको. फोटो तर मुळीच काढायचे नाहीत. हे ऐकून मला आमच्या टेम्पोपुढे काढलेले फोटो आठवले. किराण्याची पिशवी हातात देताना आम्ही हसत होतो. घेणारी बाई हसत नव्हती.

राहिले १,७५० रुपये. ते कुठे गेले, आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या वर्षी कोरोनामुळे बंद असलेली प्रार्थनास्थळं ७ ऑक्टोबरला उघडली. दुसऱ्या दिवशी जुमा होता. तळेगावच्या मशिदीत नमाज झाल्यावर परवानगी घेऊन मी उभा राहिलो आणि नवा हिशेब वाचला. जमा १,८६,४००. किराणा, भांडी, चादरी आणि सफाईचं सामान ९६,८५०. औषधं १२,३००. तेरा घरांना रोख ४२,०००. क्रमांक चौदाच्या घरी १०,०००. टेम्पो, डिझेल, टोल, जेवण १४,५००. शिल्लक ९,०००, त्यातले ६,५०० जकातीचे, ते हकदारांना द्यायचे आहेत. हिशेब लागत नाही असे १,७५०. त्यानंतर मी आधीचा कागद कसा बनवला होता तेही सांगितलं. माझा आवाज वर्गात कधी कापत नाही, त्या दिवशी कापला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मशिदीत वाजवतही नाहीत. एक बुजुर्ग म्हणाले, "टेम्पोचं भाडं लागतंच की, ते लपवलं कशाला?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले, यापुढे मी माझ्या हाताने थेट देईन, कमिटीला देणार नाही. त्यांनी तो शब्द पाळला आहे. मला त्यांचा राग येत नाही. माझा मित्र मात्र माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्याविषयी कुणी पुन्हा काही बोललं नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीवर बराच विचार केला आहे. आपल्याला मदतीची घाई असते, हिशेबाचा कंटाळा असतो, आणि वर आपण त्या कंटाळ्याला भरवसा असं नाव देतो. "आपलेच लोक आहेत, कागद कशाला?" पण कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. आणि सूरह तौबात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत जकात गोळा करण्याचं आणि वाटण्याचं काम करणारेही आहेत. म्हणजे या कामाला कष्ट पडतात, खर्च येतो, हे आधीच मान्य केलेलं आहे. खर्च नाहीच असं दाखवणारे आपण, त्याहून जास्त पाक कसे ठरणार?

याचा अर्थ खर्चाला धरबंद नको असा नाही. परदेशातून देणग्या घेणाऱ्या संस्थांसाठी आपल्या देशात जो कायदा आहे, त्यात २०२०च्या दुरुस्तीने प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. छोटीच्या क्षेत्रातले काही जण म्हणतात, इतक्या कमी पैशांत चांगली हिशेबी माणसं ठेवता येत नाहीत. दुसरे म्हणतात, मर्यादा हवीच. दोघांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण वाद घालायला आधी खर्च कागदावर दिसावा लागतो. आमचा तर दिसतच नव्हता.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ४१ (क) खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं ती दरवर्षी घेतात. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. गल्लीगल्लीत कमिट्या करणाऱ्या आपल्या तरुणांनी हे लक्षात ठेवावं. चांगली नियत पुरेशी नसते, तिला रीतही लागते.

२०२३च्या १९ जुलैच्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले, सत्तावन्न जण बेपत्ताच राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकंही पायी चढून गेली होती. आमच्याकडची मुलं पुन्हा जमली. पण या वेळी आम्ही कपड्यांची गाठोडी बांधली नाहीत. आधी परवानगी घेतली, आधी विचारलं की काय हवं आहे, मग तेवढंच जमवलं. रक्कम लहानच होती. तीन पाकिटं पहिल्या दिवसापासून वेगळी होती. पैसे हातातून हातात जाताना मी आणि माझा मित्र दोघंही मोजत होतो, सही करत होतो, आणि त्यात कुणाचा अपमान होत नव्हता. हिशेब एका पानात मावला. त्या पानाच्या अगदी पहिल्या ओळीत लिहिलं होतं : गाडीखर्च.

गेल्या वर्षी छोटी सुट्टीवर आली होती. एका नातेवाइकाने पुन्हा तोच प्रश्न विचारला, "तू तिथे नक्की करतेस काय?" ती बोलायच्या आधी अब्बांनीच उत्तर दिलं, "अमानतदारी करते." मी आत जाऊन ती जुनी वही आणली आणि तिच्या हातात दिली. तिने चष्मा सावरत शेवटचं पान पाहिलं. "ये सतरासौ पचास अभी भी नहीं मिले?" मी म्हणालो, नाही. तिने पान मिटलं, आणि वही मला परत देत म्हणाली, "रहने दो. मिटाना मत."

ती ओळ मी मिटवलेली नाही. दर रमजानला जकातीची पाकिटं करायला बसलो की आधी ते पान उघडतो.